इंटर्नशिप की स्वतःचा छोटा गेम?
सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, गेम डेव्हलपमेंटकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पुण्यातील एखाद्या स्टुडिओत इंटर्नशिप करणे किंवा घरी राहून स्वतःचा छोटा गेम पूर्ण करणे, असे दोन मार्ग असतात. इंटर्नशिपचे खरे मोल दुसऱ्यांच्या कोडमध्ये काम करण्यात आहे: गिटवर, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, केलेला बदल वरिष्ठ तपासतात, टेस्टरने नोंदवलेला बग शोधून काढावा लागतो, आणि एक फ्रेम (पडद्यावर दिसणारे एक चित्र) सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार झाली नाही, तर सेकंदाला 60 फ्रेमचे उद्दिष्ट कसे हुकते, हे तिथे प्रत्यक्ष कळते. मात्र विद्यावेतन तुटपुंजे असल्यास पुण्यातील खोलीभाडे आणि खाणावळ यांचा भार घरावरच पडतो. विनावेतन इंटर्नशिप तर मला मुळीच पटत नाही.

घरच्या वाटेला खर्च फारसा नाही, कारण गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. अडचण एवढीच, की चूक दाखवणारे कोणी नसते आणि बरेचसे गेम अर्धवटच राहतात. तरीही मी आधी छोटा गेम पूर्ण करायला सांगेन, कारण इंटर्नशिपच्या अर्जासोबत खेळून पाहता येईल असे काही जोडलेले असले, की मुलाखतीत बोलण्यासारखे बरेच काही हाताशी असते.