मीटरची काच ‘नवी’ करून देणारा

आमच्या वॅगनआरच्या मीटरची काच पार आंधळी झाली होती. काच ही आपली म्हणायची पद्धत, असतं ते प्लास्टिकच. गाडी पुसणाऱ्या पोराने सात-आठ वर्षं कोरड्या फडक्याने धूळ रगडली, त्याचा हा प्रसाद. संध्याकाळी सिंहगड रोडने स्वारगेटकडे निघालो की मागचं ऊन थेट मीटरवर यायचं आणि सगळे ओरखडे असे चमकायचे की काटा चाळीसवर आहे की साठवर, कळायचं नाही. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, गाडी मुख्यतः तेच चालवतात. त्यामुळे ‘काहीतरी करायला हवं’ हे माझ्या डोक्यात होतंच, आणि नेमका तेव्हाच तो भेटला.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गेटबाहेर स्कूटरवर पेटी लावून उभा होता. हेडलाइट, मीटर, आतल्या लाइटची कव्हरं, सगळं ‘नॅनो कोटिंग’ने नवं करून देतो म्हणाला. आधी फुकट दाखवतो, पटलं तर पैसे द्या. काचेच्या मधोमध पिवळी चिकटपट्टी लावली आणि उजव्या अर्ध्या भागावर बाटलीतलं काहीतरी थेंबभर टाकून स्पंजने फिरवलं. वास थोडा गोडसर, थोडा स्पिरिटसारखा. पट्टी काढली, तर डावीकडे धुकं आणि उजवीकडे आरसा! बाबा तर ‘अरे वा’ म्हणून खाली वाकूनच बघायला लागले. १४०० रुपये, सहा महिन्यांची गॅरंटी. बिल मागितलं तर म्हणाला, ‘साहेब, बिल केलं की जीएसटी लागतो, तुमचेच पैसे वाचवतोय.’ मला ते पटलं. एवढा शिकलासवरलेला माणूस मी, आणि मला ते पटलं.

जाताना एक गोष्ट त्याने तीन-तीनदा बजावली. ‘चार दिवस हात लावू नका, पाणी तर अजिबात नको, कोटिंग सेट होऊ दे.’ खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते.

पाचव्या दिवशी मी ओल्या फडक्याने काच पुसली. फडकं तेलकट झालं आणि ओरखडे जिथल्या तिथे. एकही कमी नाही. फोन केला, तर माझ्यावरच उखडला: साधं फडकं का वापरलंत? मग म्हणाला, आता बेस आधी साफ करावा लागेल, ९०० होतील. आणि मी ते दिले. हे लिहितानाही लाज वाटते, पण लिहितोय, कारण फसणारा माणूस दुसऱ्यांदा फसतो तो पहिले पैसे वाया गेले हे मान्य करायला नको म्हणून.

या खेपेला त्याने कापूस भिजवून काच पुसली. थिनर असावं, डोळे चुरचुरत होते. दोन दिवसांनी कडेच्या क्लिपांपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा निघाल्या. आठवड्याभरात त्या पेट्रोलच्या काट्यापर्यंत पोचल्या. त्यानंतर नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं मनात होतं, पण तक्रार कुणावर करणार? पावती नाही, दुकान नाही, आणि यूपीआयवर पैसे गेले ते कुठल्याशा अंडाभुर्जी सेंटरला.

एका गॅरेजने सांगितलं, अख्खं मीटर बदला. शेवटी नाना पेठेत मीटर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी काच उजेडाकडे धरली आणि काही न बोलता खणातून दुसरी एक ओरखडलेली काच काढली. शेजारच्या बाटलीतून खोबरेल तेलाचं बोट तिच्यावर फिरवलं. ओरखडे गायब! ‘हे घ्या तुमचं नॅनो,’ म्हणाले.

बारावीला शिकलेलं तेव्हा आठवलं. ओरखड्याच्या चरीत हवा असते, म्हणून उजेड तिथे विखुरतो आणि पांढरं दिसतं. चरीत तेल भरलं की ॲक्रिलिक, म्हणजे मीटरच्या काचेचं प्लास्टिक, आणि तेल उजेडाला जवळपास सारखंच वाकवतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचा आकडा, १.४९, खोबरेल तेलाचा साधारण १.४५. डोळ्याला चर दिसत नाही, पण ती असते तिथेच. तेल पुसलं किंवा सुकलं की पुन्हा हजर.

काकांच्या मते ओरखडे खरोखर घालवायचे तर प्लास्टिक घासूनच काढावं लागतं. काच मीटरवरून सोडवायची, साबणाच्या पाण्यात २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), मग त्याहून बारीक ३०००चा, मग प्लास्टिकचं पॉलिश, तेही हाताने. मशीनने ॲक्रिलिक तापतं आणि चिकट होऊन बिघडतं. नख अडकेल इतका खोल ओरखडा असला तर १५००पासून सुरुवात. या कामाला ते अर्धा दिवस घेतात. गेटवर दहा मिनिटांत होतं ते दुसरंच काही. माझ्या काचेला मात्र यातलं काहीच चालणार नव्हतं, कारण थिनरच्या भेगा वरवर नसतात, आत उतरलेल्या असतात. त्यांनी भंगारातल्या मीटरची काच शोधून, घासून बसवली. ६५० रुपये, पावतीसकट. जाता जाता म्हणाले, अख्खं मीटर कुणी बदललं तर आधी किलोमीटरचा फोटो काढून ठेवत जा, जुन्या मीटरचा आकडा नव्यावर आपोआप येत नाही आणि गाडी विकताना त्यावरून भांडणं होतात.

आता पुसायला बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा आहे, आधी ओला करून पिळलेला. गाडी पुसणाऱ्या पोराला आतल्या भागाला हात लावायची बंदी आहे, हे त्याला जरा लागलंय.

भेगाळलेली काच मी टाकलेली नाही. सोसायटीच्या ऑफिसात नोटीस बोर्डाखाली ठेवली आहे. तो कोटिंगवाला परवा पलीकडच्या सोसायटीच्या गेटवर दिसला, तीच पेटी, तीच पिवळी पट्टी. तुमच्याकडे आला तर अर्ध्या काचेचा नमुना झाल्या झाल्या तिथेच ओलं फडकं मागा.