निळ्या कमळाचे ७,९९९ रुपये

आधी आकडे सांगते, म्हणजे हसणाऱ्यांनी एकदाच काय ते हसून घ्यावं. पाच रंगांच्या कमळकंदांचे २,३६०. 'जिवंत रोपांचं पॅकिंग' म्हणून वरचे ६४०. आणि ते परत मिळवायच्या नादात ४,९९९. एकूण ७,९९९. टाक्यात उगवलं काय? कर्दळ.

परसात सहा बाय चारचं टाकं बांधून घेतलं होतं. मोबाइलवर जाहिरात आली, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

जाहिरातीत निळं कमळ होतं. मी भंडाऱ्याकडची, गावच्या मामा तलावातली (म्हणजे माजी मालगुजारी तलावातली) कमळं बघत वाढलेली. कमळाचं पान सबंध गोल, देठ मधोमध, थेंब त्यावर पाऱ्यासारखा पळतो. कुमुदिनीच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या, पानाला काठापासून देठापर्यंत चीर असते. त्या फोटोतल्या पानाला चीर होती. बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, तरी होतीच. आणि मी मनात काय म्हटलं? "हायब्रीड असेल." हे दोन शब्द आजही रात्री झोपू देत नाहीत. अहो, कमळात निळा रंगच नसतो! पांढरं, गुलाबी, अमेरिकेकडचं पिवळं, बस. निळी असते ती कुमुदिनी.

मी बावळट नाही. वीज कापायच्या मेसेजला, केवायसीच्या फोनला कधी भुलले नाही. पण हा जाहिरातवाला विचारत होता, "ताई, ऊन किती तास येतं? माती काळी आहे ना?" चोर कधी उन्हाची चौकशी करतो का?

पार्सलमध्ये पाचाऐवजी तीन तुकडे. एक कुजून लिबलिबीत, दोन आल्यासारखे गाठाळ. सोबत 'फ्री गिफ्ट' म्हणून जलपर्णी! ती टाक्यात सोडू नका, बघता बघता सगळं पाणी झाकून टाकते. आणि उपटली तर नाल्यात फेकू नका, उन्हात वाळवा.

"अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही तर रिफंड नाही," असं त्यानं बजावलं होतं. व्हिडिओही काढला होता मी! पाठवला तर लगेच गोड आवाजात फोन: "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." कुकरच्या शिट्ट्या चालू, दारात दूधवाला. टाकला पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच आमच्या भिशीतल्या बायकांना शिकवलेलं.

घरी सांगायची लाज वाटली, म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला दुसऱ्या दिवशी फोन केला. तुम्ही असा उशीर करू नका, तिथे मिनिटं मोजायची असतात. मग पोलीस ठाण्यात गेले. साहेब जेवायला गेलेले. दीड तासाने आले, अर्ज वाचला आणि शेजारच्याला म्हणाले, "कमळासाठी बरं का!" दोघं हसले. रक्कम लहान आहे म्हणे. लहान? तुमच्या खिशातून गेली असती तर? वर प्रिंट पाहिजे, बँकेचा शिक्का पाहिजे. बँकेत गेले तर तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना?" शिक्क्यासाठी तीन खेपा. चौथ्यांदा ठाण्यात गेले तर साहेबांची बदली झालेली, नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगा. पुन्हा तेच हसू.

कमळ हवंच असेल तर पूजेच्या दुकानातून कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या बिया, आणा. माळेतले नकोत, त्यांना भोक पाडलेलं असतं. कवच एका बाजूने आतला पांढरट भाग दिसेपर्यंत घासा, पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. माझे दहातले चार फुटले. कंदच घ्यायचा तर नर्सरीत जाऊन हातात धरून घ्या, कोंब शाबूत आहे ना बघा. लावताना कोंब मातीत पुरू नका.

काल त्याची नवी जाहिरात दिसली. आता काळं कमळ, २,७६० रुपये. खाली पान तेच, चीर असलेलं.