सेकंडहँड जुकी, नवी सर्वो मोटर: नऊ महिने वापरून झाल्यावर

घरी शिवणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, पायमशीन काढून कारखान्यातलं मशीन घ्यावं काय. एकेकीला सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी 2015 पासून 2023 च्या जूनपर्यंत गारमेंट कारखान्यात ऑपरेटर होते, त्यातली सहा वर्षं शर्टाच्या कफवर. कारखाना बेळगावच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीत आहे. नाव घेत नाही, आमच्या ओळखीच्या बायका अजून आत आहेत.

मशीन म्हणजे जुकी डीडीएल-8700, एका सुईचं, साध्या लॉक टाक्याचं. जुनं, पांढरट, एका कोपऱ्यात रंग उडालेला. खडे बाजारातल्या एका दुकानातनं घेतलं. टेबल, स्टँड आणि नवी सर्वो मोटर धरून 19,500 रुपये. दुकानदार 22,000 वर अडून बसला होता. मी सुईखालची पट्टी काढून आतला हुक बघितला, हातानं चाक फिरवून दोन-तीनदा सुई वरखाली केली, तेव्हा म्हणाला, "वैनी, तुमी गिऱ्हाईक न्हवं, मेकॅनिक दिसताय." तिथंच अडीच हजार उतरले. जाताना शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे त्यात, येळ्ळूरहून बसनं गेले. येताना मशीनला टेम्पो करावा लागला, त्याचे सहाशे वेगळे.

पैसे पीएफचे होते, आणि ते मिळाले यात बेंगळूरच्या बायकांचा हात आहे. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नियम काढला होता की मालकानं भरलेला पीएफचा वाटा वयाच्या 58 वर्षांपर्यंत काढता येणार नाही. गारमेंटमध्ये 58 पर्यंत टिकतंय कोण? पस्तिशीत डोळे जातात, चाळिशीत कंबर. एप्रिलमध्ये बेंगळूरच्या गारमेंटच्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, दोन दिवस होसूर रोड बंद पडला, लाठ्या खाल्ल्या, आणि 19 एप्रिलला तो नियम मागं घेतला गेला. तेव्हा मी नवी होते. आमच्या सुपरवायझरनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, टीव्हीवर ते बघू नका, डोकं फिरेल. नोकरी सुटून दोन महिने झाल्यावर अर्ज केला आणि माझा वाटा, मालकाचा वाटा, सगळं खात्यावर आलं. त्यातनं हे मशीन.

आता मोटर. क्लच मोटर असलेलं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. क्लच मोटर बटण दाबलं की फिरतच राहते, तुम्ही शिवा नाहीतर चहा प्या. सर्वो पॅडल दाबलं तरच फिरते. कारखान्यात आमच्या जुन्या लाईनीला सगळ्या क्लच मोटरी होत्या. रात्री घरी जेवताना कानात ती गूं चालूच असायची, सासू काय म्हणाली ते दोनदा विचारावं लागायचं. सर्वोला आवाजच नाही म्हटलं तरी चालेल. कंपनी मिनिटाला 5,500 टाके सांगते. ब्लाउजला एवढं कोण पळवतंय? मी 2,500 वर बांधून ठेवलंय, अस्तर जोडताना आणखी कमी. मोटरीवरच बटण आहे, तिथं आकडा दिसतो. वेग आपल्या हातानं कमी करता येतो ही गोष्ट पहिले आठ दिवस मला पचली नाही. सारखं मागं वळून बघत होते.

विजेचं विचारतात. मोटर 550 वॉटची आहे, पण शिवतानाच ओढते. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, युनिटं तुमच्या आधीच्या सरासरीवर थोडी जास्त धरून मिळतात, सगळ्यांना सरसकट 200 नाहीत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. मशीन आणल्यावर त्या फुकट युनिटांच्या वर गेलात की बिल येणार. मला महिन्याला शंभराच्या आतबाहेर येतंय. तेवढं चालतंय.

टाका. खरी परीक्षा टाक्याची. मे महिन्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलं, जाड टेरिकॉट, चड्डीच्या बैठकीला चार पदर एकावर एक. पायमशीन तिथं अडतं, चाक हातानं ढकलावं लागतं. हे लोण्यातनं सुरी गेल्यासारखं गेलं. सुई मात्र 16 नंबरची घाला, ब्लाउजला 11. आणि सुई पायमशीनची चालत नाही, गोल दांड्याची डीबी सुई लागते, पुडकं घेऊनच ठेवा. गुडघ्यानं दाब उचलायची सोय आहे, दोन्ही हात कापडावरच राहतात. चाळीस गणवेश शिवले, एक टाका सुटला नाही. मी उजेडाकडं धरून बघते, सवय आहे.

टाका का सुटतो ते सांगते, कारण घेताना हेच तपासायचं असतं. सुई खाली जाऊन वर यायला लागली की दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी हुकाचं टोक सुईच्या मध्यावर यायला पाहिजे, आणि सुईला न लागता, केसभर अंतरानं. पुढंमागं झालं की फास हुकात अडकत नाही आणि टाका सुटतो. कापडात काही खोट नसते, बाईच्या हातात काही खोट नसते. हे मी मेकॅनिककडनं शिकले नाही, मला शिक्षा म्हणून दिलेल्या मशीनवर शिकले.

2023 च्या एप्रिलमध्ये आम्ही सात जणींनी कामगार संघटनेच्या नोंदणीच्या अर्जावर सह्या केल्या. कायद्यानं अर्जाला निदान सात सह्या लागतात, आणि कारखान्यातले शंभर किंवा दहा टक्के, जे कमी असेल तेवढे सभासद. मागणी काय होती? टार्गेट लिहून द्या, ओव्हरटाईमचे दुप्पट द्या, शिव्या देऊ नका. बैठक वडगावात माझ्या शेजारच्या मशीनवरच्या अक्काच्या खोलीवर झाली. ती बैलहोंगलकडची. गल्लीत दोन्ही बाजूला माग चालू, त्या खडखडाटात आम्ही काय बोललो ते बाहेर जायची भीती नव्हती. तरी चौथ्या दिवशी कळलंच.

सकाळी माझ्या जागेवर माझं मशीन नव्हतं. लाईनीच्या टोकाला, पंखा पोचत नाही तिथं, एक जुनं मशीन ठेवलं होतं आणि सांगितलं, आजपासनं तुझं हे. टार्गेट तेच, तासाला 45 शर्टांचे कफ. पहिल्याच कफला तीन टाके सुटले. उसवून परत घातलं, परत सुटले. संध्याकाळपर्यंत तासाला 28 च्या वर गेले नाही. फ्लोअर इनचार्ज मागं येऊन उभा, "लगु लगु माडरी" (लवकर लवकर करा), आणि मग सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं मराठीत, "सह्या करायला हात चालतात, कफला चालत न्हाईत." मेकॅनिक पोरगा बरा होता. खाली वाकून बघितल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाला, "अक्का, हात लावू नको म्हणून सांगितलंय."

तीन दिवसांनी मेमो मिळाला. उत्पादन कमी, दर्जा खराब. इंग्रजीत होता, खाली कन्नडात दोन ओळी. सही कर म्हणाले. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्याचा दुसरा मेमो झाला.

शिवी दिली तर ती चार जण ऐकतात, मारलं तर वळ दिसतो. मशीन बदललं तर काय दिसतंय? वहीत 28 आकडा दिसतो, आणि आकडा खरा असतो. घरी आल्यावर नवरासुद्धा म्हणाला, तुझंच काहीतरी चुकत असंल. दोन आठवड्यांनी मलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि मला वाटतं त्यांना तेच पाहिजे होतं.

माझी आत्ती निपाणीत बिड्या वळायची. तिला सांगितलं तर हसली. "आमच्यात छाट काढायचे," म्हणाली. हजार बिड्यांतल्या खराब म्हणून बाजूला काढायच्या आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, त्याला छाट. "युनियनात नाव घातलं की दुसऱ्या दिवशी छाट वाढली. बिडी तीच, हात तेच." निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या आणि बिडीवाल्या बायकांनी तरी संघटना उभी केली, प्रा. सुभाष जोशींच्या बरोबर. आत्तीच्या घरात अजून ती पावतीपुस्तकं आहेत. तिनं विचारलं, तुमच्या सात जणींत फूट कशानं पडली?

फूट भाषेनं पडली. आम्हा मराठी बायकांना बाजूला घेऊन सांगितलं, ही बेंगळूरची कन्नड संघटना, तुमचे पैसे घेऊन जाईल, तुम्हाला विचारणार कोण. कन्नड बायकांना सांगितलं, हे एकीकरण समितीवाल्या मराठ्यांचं राजकारण, कारखान्यात 1 नोव्हेंबरसारखा काळा दिन करायचाय. माणूस एकच, दोन भाषा चांगल्या येत होत्या. सीमाप्रश्नाचा असा उपयोग असतो हे मला साठ वर्षांच्या भाषणांत कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाचे डबे वेगळ्या ओळीत उघडायला लागले. मी आणि अक्का, आम्ही दोघी तेवढ्या एकत्र बसायचो, तिची ज्वारीची भाकरी, माझा भात.

मग घरी फोन. माझ्या सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं, सूनबाई ड्यूटी सुटल्यावर वडगावात कुठं जाते बघा. एवढंच. माझ्यावर त्या महिन्यात आलेलं सगळ्यात जड वाक्य ते होतं. एका सहीवालीचं तर येणंच बंद झालं, तिचा नवराच सोडायला यायचा आणि न्यायला यायचा. त्याच महिन्यात सगळ्यांना हजेरी बोनस म्हणून तीनशे रुपये वाढवले आणि एकेक स्टीलचा डबा दिला. पुढं एका वकीलसाहेबांनी तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं पाचवं परिशिष्ट वाचून दाखवलं. पहिलाच मुद्दा: संघटनेत गेलात तर कामावरनं काढू अशी धमकी देणं, कारखाना बंद करू म्हणणं, आणि संघटना उभी राहताना ती मोडायला पगार वाढवणं, तिन्ही अनुचित प्रथा. म्हणजे आमचा डबासुद्धा कायद्यात होता! शिक्षा तेव्हा किती होती, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये. माझी मोटरच चार हजारांची आहे.

कारखाना बंद करू ही धमकी आम्हालाही होती आणि ती पोकळ वाटली नाही, कारण श्रीरंगपट्टणचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं 2020 च्या जूनमध्ये लॉकडाऊनच्या नावाखाली एका कारखान्यातल्या हजारावर कामगारांना काढलं होतं, आणि त्या कंपनीचा संघटना असलेला कारखाना तोच एक होता. त्या बायका गेटसमोर बसल्या, परदेशातल्या ब्रँडपर्यंत प्रश्न नेला, आणि 2021 मध्ये त्यांना कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत परत घ्यायचा करार झाला. हा दुसरा अर्धा भाग आम्हाला इनचार्जनं सांगितला नव्हता.

जूनमध्ये मला ऑफिसात बसवून कोरा कागद आणि पेन पुढं ठेवलं. राजीनामा लिही, म्हणजे पीएफला त्रास नको. साडेतीन तास बसले. पोर शाळेतनं यायची वेळ झाली, मी लिहिलं. माझ्या हातनं झालेलं सगळ्यात वाईट काम ते, सुटलेले टाके नव्हेत.

असो. मशीनकडं येते. वाईट काय, तर टेबल. दुकानदारानं दिलेलं स्टँड एका पायानं आखूड आहे, खाली पुठ्ठा घालून चालवते. माणूस पाठवतो म्हणाला, गणपती गेले, दिवाळी गेली, माणूस काही आला नाही. सोबत दिलेला दिवा महिन्यात गेला. तेल महिन्याला बघा, खालच्या तबकात LOW आणि HIGH या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे, आणि मशीनचंच पातळ तेल घाला, घरातलं खोबरेल नको (माझ्या जावेनं घातलं होतं, सगळं चिकटून बसलं, दीड दिवस रॉकेलनं धुतलं). घरच्या जागेचाही विचार करा, चार फुटांचं टेबल आहे, आमच्या सोप्यातला पाळणा काढावा लागला. झिगझॅग, काजं, फॉल-बिडिंग असलं काही हे करत नाही, एकच टाका, सरळ. नुसता फॉल आणि हेम करणारीनं एवढे पैसे घालू नयेत. दिवसाला तीन-चार ब्लाउज जात असतील तरच घ्या. मी पाचात साडेचार देते, अर्धा स्टँडचा कापला.

गेल्या रविवारी बैलहोंगलची अक्का आली होती. पहिल्यांदा बसली, पॅडल सोडलं, आणि दचकून म्हणाली, "बंद पडलं काय ग?" सर्वो गप्प बसते ते तिला माहीत नव्हतं. मग चिंधीवर हातभर शिवलं, खिडकीत धरून बघितलं. मागच्या महिन्यात परत अर्ज भरलाय त्यांनी, या वेळी चाळीस जणी आहेत, मराठी-कन्नड दोन्ही, आणि पत्रकही दोन्ही भाषांत काढलंय. तिला लाईनीच्या टोकाचं ते मशीन मिळालंय.

मी सुईखालची पट्टी काढली आणि तिला हुक दाखवला. सुई जिथं बसवतो त्या दांड्यावर डीबी सुईसाठी दोन बारीक रेघा असतात. सुई वर येताना त्यातली खालची रेघ बुशच्या, म्हणजे दांडा ज्यातनं सरकतो त्या नळीच्या, खालच्या कडेला आली की थांबायचं, हुकाचे स्क्रू ढिले करायचे, टोक सुईच्या मध्यावर आणायचं, परत आवळायचं. तिनं पगाराच्या पावतीच्या मागं चित्र काढून घेतलं, तीनदा स्वतः करून बघितलं. चार मिनिटांचं काम, जेवणाच्या सुट्टीत होतंय. स्क्रू ड्रायव्हर तेवढा गेटवर झडतीत काढून घेतात. तो आत कसा न्यायचा ते अजून ठरलं नाही.