मार्व्हिन गेची १९७१ची जुनी तबकडी: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन गायक मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमची जुनी तबकडी घेतली, आता जून लागलाय. आठवड्यातून तीनदा तरी ती लागतेच, कधी रात्रीची भांडी आवरताना, कधी सगळे झोपल्यावर दिवा बारीक करून. घेतल्या घेतल्या लिहिणार होते. बरं झालं लिहिलं नाही, कारण ऑक्टोबरमधलं माझं मत आणि आजचं मत यांत बराच फरक आहे.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, कँटनला. तिथून डेट्रॉइट पाऊण तासावर. हा अल्बम त्याच शहरातला, त्यामुळे इकडच्या जुन्या दुकानांत त्याच्या प्रती अजून निघतात. मला मिळाली ती मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या टॅमला लेबलची, क्रमांक टीएस-३१०, ४५ डॉलरला. बाहेरच्या पाकिटावर तबकडीच्या कडेचा गोल वळ उठलाय आणि वरचा एक कोपरा दुमडलाय. पण पाकीट दोन पाखी आहे, आणि उघडलं की आत मार्व्हिनच्या घरच्या फोटोंचं कोलाज. वाजवणाऱ्यांची नावंही छापली आहेत. मोटाउनच्या तबकड्यांवर त्याआधी साथीदारांची नावं छापायची पद्धतच नव्हती. वर्षानुवर्षं ज्यांच्या जिवावर हिट गाणी निघाली, ते वादक कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसायचं. माझ्या प्रतीत बास गिटार वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनच्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलीय. रेघ अगदी सरळ आहे, बहुतेक पट्टी लावून ओढलेली. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण माझी त्याची पसंती एकच.

आधी तक्रार. दुकानदाराने चिठ्ठीवर ‘व्हीजी प्लस’ लिहिलं होतं, म्हणजे वापरलेली पण चांगल्या स्थितीतली. घरी आणून लावली तर पहिल्या बाजूला ‘गॉड इज लव्ह’मध्ये सुई अडकली आणि तीच ओळ परत परत वाजायला लागली. दुकानात ऐकून घ्यायला हवी होती, ते राहिलं. भिंगातून पाहिलं तर ओरखडा नव्हता, साखरेच्या पाकासारखा वाळून बसलेला एक कण होता. त्यावर साफ करायच्या द्रावणाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवला आणि मऊ ब्रशने चराच्या दिशेनेच हलकं फिरवलं. आडवं घासायचं नाही, आडवं घासलं की तबकडी गेली. तिसऱ्या खेपेला कण सुटला. आता तिथे फक्त ‘टक्’ असं चार वेळा ऐकू येतं, दर १.८ सेकंदांनी एकदा, म्हणजे तबकडीच्या एकेका फेऱ्याला एकदा. त्या टकटकीची मला इतकी सवय झालीय की मोबाइलवर तेच गाणं ऐकताना कान तिची वाट बघतो.

इकडे थंडीत घेणार असाल तर एक सांगून ठेवते. जानेवारी-फेब्रुवारीत हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की तबकडी उचलताना चटचट आवाज येतो आणि घरभरची धूळ तिच्यावर येऊन बसते. लोकरीचा स्वेटर घालून तर हातच लावू नका. खोलीत वाफेचं यंत्र ठेवल्यापासून खरखर निम्म्यावर आली. माझा प्लेअर पट्ट्यावर चालणारा, साधा आहे, सुईवर वजन दोन ग्रॅम. यापेक्षा भारी काही असायलाच हवं असं मला आठ महिन्यांत वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हा अल्बम मोबाइलवर मी कॉलेजपासून ऐकतेय, पण ऐकत होते ती तीन गाणी. तबकडीवर तसं चालत नाही. पहिल्या बाजूची सहा गाणी मध्ये न थांबता एकातून एक निघतात, जोडाजोड दिसत नाही. सुई उचलून मधलंच गाणं लावायला गेलं तर कुठे ठेवायची तेच कळत नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतता अशी नाहीच. मग निमूटपणे १९ मिनिटं ऐकायचं. पहिल्या गाण्यात हाक मारणारा माणूस दुसऱ्या गाण्यात युद्धावरून परतलेला भाऊ होतो आणि गावात नोकऱ्या आहेत का, जुनी मंडळी कुठे गेली असं विचारतो. तिसऱ्यात तोच नशेच्या आहारी गेलेला. हे तिन्ही एकाच माणसाचे दिवस आहेत, हे मला डिसेंबरात कळलं. वीस वर्षं सुटी गाणी ऐकून कळलं नव्हतं.

भाऊ खराच होता. मार्व्हिनचा भाऊ फ्रँकी तीन वर्षं व्हिएतनामला होता, आणि तिथून आलेल्या त्याच्या पत्रांनी आणि परतल्यावर सांगितलेल्या हकिकतींनी मार्व्हिन हादरला होता. शिवाय त्याच्याबरोबर युगुलगीतं गाणारी टॅमी टेरेल मार्च १९७०मध्ये मेंदूतल्या गाठीने गेली. त्यानंतर त्याने गाणं जवळजवळ सोडलंच, डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघात शिरायचा प्रयत्न सुरू केला. संघाने घेतलं नाही, पण लेम बार्नी आणि मेल फार हे दोन खेळाडू दोस्त झाले. शीर्षकगीताच्या सुरुवातीला मंडळी जमल्यासारखा जो गलका ऐकू येतो, त्यात त्या दोघांचे आवाज आहेत.

तो गलका मला फार आवडतो. इंग्रजी नावाचा अर्थ मराठीत एका शब्दाचाही फेरफार न करता उतरतो, ‘काय चाललंय’. आई दर रविवारी फोन उचलल्या उचलल्या हेच म्हणते. आणि पेपर वाचताना बाबा कपाळाला हात लावून हेच म्हणतात. एकच वाक्य, एकदा विचारपूस आणि एकदा हतबलता. मार्व्हिनने दोन्ही एकाच गाण्यात ठेवलंय. आधी दोस्तांची विचारपूस, मग लढाई, मोर्चे, पोलिसांच्या लाठ्या. आणि आवाज कुठेही चढत नाही. अल्बमच्या नावाला प्रश्नचिन्हही दिलेलं नाही.

गाण्याची मूळ कल्पना मोटाउनच्याच फोर टॉप्स या गायकगटातल्या ओबी बेन्सनची. मे १९६९मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पीपल्स पार्कजवळ पोलीस पोरांना बडवताना त्याने पाहिलं आणि अल क्लीव्हलंडबरोबर गाणं रचायला घेतलं. त्याच्या स्वतःच्या गटाने ते नाकारलं, निषेधाचं गाणं नको म्हणून. मार्व्हिनने घेतलं, चाल आणि शब्द बदलले. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी तेव्हा त्याचा मेहुणाही होता, आणि त्याला हे अजिबात पसंत नव्हतं. हे बाहेर येत नाही तोवर दुसरं काही गाणार नाही, असं मार्व्हिनने सांगून टाकलं. जानेवारी १९७१मध्ये त्या एका गाण्याची एकेरी तबकडी निघाली आणि काही दिवसांतच लाखभर खपली. मग मालकालाच पूर्ण अल्बमची घाई झाली. मार्चमध्ये बाकीची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि २१ मेला अल्बम दुकानांत.

जेमरसनच्या बासबद्दल वेगळं लिहायलाच हवं. तो एकाच बोटाने वाजवायचा, उजव्या हाताच्या तर्जनीने, आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. असं सांगतात की शीर्षकगीताच्या वेळी त्याला एका बारमधून शोधून आणलं, आणि धड बसता येईना म्हणून त्याने जमिनीवर पाठ टेकून, समोरचा कागद वाचत वाजवलं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा बास ऐकूच येत नाही. जुन्या तबकडीवर तो खोलीत येऊन बसतो. एक प्रयोग करा, दुसऱ्यांदा ऐकताना गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका, फक्त खालचा सूर धरा. तो ठेका धरत नाही, गाणाऱ्याशी बोलतो, त्याचं वाक्य संपलं की उत्तर देतो. ‘मर्सी मर्सी मी’ आणि शेवटच्या ‘इनर सिटी ब्लूज’मध्ये बास बॉब बॅबिटचा आहे. तोही सुंदर, पण वाजवणारा हात बदलल्याचं आता मला लगेच कळतं.

मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले. बाबांचा कान नाट्यसंगीतावर वाढलेला. त्यांना काही न सांगता पहिली बाजू लावली. पाच मिनिटांनी विचारलं, “दोघं गातायत का गं?” म्हटलं, नाही बाबा, एकच आहे. साउंड इंजिनिअर केन सँड्सच्या हातून मार्व्हिनचे दोन वेगवेगळ्या वेळचे आवाज चुकून एकदम लागले. मार्व्हिनला ते इतकं आवडलं की तीच त्याची पद्धत झाली. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य हाच आणि पुढे गाणारा बुवाही हाच.” मला इतकी वर्षं जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. शिष्य बुवांची सुटलेली ओळ उचलतो, कधी अर्धी गुणगुणतो, कधी बुवांना दम घ्यायला उसंत देतो. मार्व्हिनचा दुसरा आवाज नेमकं हेच करतो.

पुढच्या शनिवारी त्यांना वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर घेऊन गेले, क्रमांक २६४८. तिथे मोटाउनचं घर आहे, आता संग्रहालय. गॉर्डीने ते १९५९मध्ये घेतलं. मागच्या बाजूचा स्टुडिओ ‘ए’ बघून बाबा थबकले. आपल्या वाड्याचं माजघर असतं ना, तेवढीच खोली. हा अल्बम काही एकट्या त्या खोलीत झालेला नाही. डेट्रॉइट सिम्फनी या वाद्यवृंदाचे वादक बोलावलेले होते आणि त्या तारवाद्यांचं संगीत संयोजन डेव्हिड व्हॅन डी पिटचं. पण गाण्यांचा गाभा त्या माजघरातला. घरी आल्यावर बाबांनी स्वतःहून तबकडी मागितली. सुरुवातीचा सॅक्सोफोन लागला तेव्हा मी त्यांना सांगितलं की तो वाजवणारा एली फाँटेन तेव्हा नुसता हात मोकळा करत होता. त्याला वाटलं अजून ध्वनिमुद्रण व्हायचंय, आणि मार्व्हिन म्हणाला, झालं, हवं ते मिळालं.

दुसऱ्या बाजूबद्दल थोडक्यात. ‘राइट ऑन’ साडेसात मिनिटांचं आहे आणि मला ते आजही लांबल्यासारखं वाटतं. ‘होली होली’ देवळात बसल्यासारखं. मग ‘इनर सिटी ब्लूज’. चंद्रावर जायला पैसा आहे, गल्लीतल्या माणसाच्या हातात पडायच्या आधीच त्याचा पगार संपलाय. शेवटी पहिल्या गाण्याची चाल परत येते आणि वर्तुळ पुरं होतं. फक्त जुन्या तबकडीची एक अडचण आहे. बाहेरच्या चरात सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटर चर सरकतो, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणून दोन्ही बाजूंची शेवटची गाणी आधीच्या मालकाने जड सुईने झिजवली असतील तर ‘स’ आणि ‘श’ फाटतात. माझ्या प्रतीत ‘मर्सी मर्सी मी’मध्ये ते किंचित आहे. विकत घेताना पहिलं गाणं ऐकूच नका, प्रत्येक बाजूचं शेवटचं ऐका.

‘मर्सी मर्सी मी’मध्ये समुद्रावर सांडलेलं तेल आहे, पारा साचलेले मासे आहेत, हवेतलं विष आहे. पहिला वसुंधरा दिन १९७०चा, म्हणजे हे गाणं त्याच्या पुढच्याच वर्षीचं. आमच्यापासून तासाभरावर फ्लिंट आहे, जिथे २०१४मध्ये नळाच्या पाण्यात शिसं आलं. ते सगळं चालू असताना आम्ही इथेच राहत होतो, बातम्या बघत होतो. त्यामुळे हे गाणं मला कधीच जुनं वाटलेलं नाही.

प्रभावाचं म्हणाल तर यानंतर मोटाउनच बदललं. कलाकाराने स्वतः निर्माता व्हायचं, अल्बम एकसंध बांधायचा, ही वाट खुली झाली. मोटाउनचाच गायक स्टीव्ही वंडरने त्याच वर्षी वयाची एकविशी गाठल्यावर नवा करार करताना आपल्या संगीतावरचा ताबा मागून घेतला, आणि त्याचे सत्तरच्या दशकातले अल्बम त्यातून आले. डॉनी हॅथवेने १९७२मध्ये शीर्षकगीत मैफलीत गायलं, अरीथा फ्रँकलिनने ‘होली होली’ चर्चमध्ये. २०२०मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने ५०० अल्बमच्या यादीत याला पहिला क्रमांक दिला. त्या क्रमांकापेक्षा मला हे मोठं वाटतं की आज कुणीही हळुवार चालीवर कठीण विषय गातो आणि स्वतःचाच आवाज मागे उभा करतो, तेव्हा तो या तबकडीचं देणं लागतो.

कुठली प्रत घ्यावी? जुनी मिळाली आणि ऐकून घेता आली तर जुनीच. नव्याने छापलेली मित्राकडे ऐकली. ती शांत आहे, खरखर नाही, पण माझ्या कानाला तिथला बास थोडा धुतल्यासारखा वाटला. आणि २००१च्या विशेष आवृत्तीत सगळे मुद्रित आवाज जुळवून आधी डेट्रॉइटमध्ये केलेलं मिश्रण आहे, जे बाजूला ठेवून लॉस एंजेलिसला पुन्हा केलं गेलं. तेही जरूर ऐका. ते जास्त कोरडं आणि जवळचं आहे, वादक हाताच्या अंतरावर बसल्यासारखे.

परवा बाबांचा सांगलीहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, दिवाळीला येशील तेव्हा ती रेकॉर्ड आणतेस का, जुना प्लेअर दुरुस्तीला टाकलाय. रात्री केबिन बॅग काढली आणि पाकीट आत ठेवून पाहिलं. आडवं बसत नाही. उभं, दोन साड्यांच्या घड्यांमध्ये, बसतं.