आलटून-पालटून वापरलेले धावण्याचे दोन जोडे : गोव्यातील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुलैच्या मध्यावर माझ्या रोजच्या सरावाच्या जोड्यातील उजव्या बुटाच्या टाचेखालची रबराची पट्टी बाहेरच्या कडेने सुटली. जोडा तेव्हा जेमतेम 400 किलोमीटर धावलेला होता. धावण्याचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर वापरावेत, हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब धरला, तर त्याचे बरेच आयुष्य शिल्लक असायला हवे होते. जोडा एका परदेशी कंपनीचा, मधल्या किमतीचा, ईव्हीए नावाच्या हलक्या प्लॅस्टिकच्या साध्या फोमचा आणि टाच व चवडा यांच्या उंचीत 10 मिलिमीटरचा फरक असलेला आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण माझी मुख्य तक्रार या वर्गातील बहुतेक जोड्यांना लागू पडते.

माझा सराव फोंड्यात चालतो. आठवड्यातील बहुतेक दिवस फर्मागुढीचा चढ असतो आणि रविवारी जमेल तेव्हा पणजीला कांपालहून मिरामारमार्गे दोनापावलापर्यंत धावणे होते. म्हणजे डांबर, फरसबंदी, कडेची जांभ्याची माती आणि ओहोटीच्या वेळी करंझाळ्याची घट्ट वाळू, असे सर्व प्रकारचे पृष्ठभाग या जोड्याने पाहिले आहेत. पाऊस सुरू होईपर्यंत त्याच्याविषयी माझी एकही तक्रार नव्हती. टाच नीट बसते, चवड्याला जागा पुरेशी आहे, चढावर बोटे समोर आपटत नाहीत आणि लांब अंतरानंतर तळवे जळत नाहीत. याच आधारावर मेमध्ये अभिप्राय लिहिला असता, तर तो पूर्ण अनुकूल झाला असता.

पट्टी सुटल्यावर जोडा घेऊन दुकानात गेलो. पावतीवर निर्मितीदोषासाठी सहा महिन्यांची हमी छापलेली होती आणि मुदत संपलेली नव्हती. दुकानदाराने बूट उलटा करून पाहिला आणि विचारले, "पावसात धावलात ना? मग कंपनी मानणार नाही." छायाचित्रे कंपनीकडे पाठवल्यावर तेच उत्तर लेखी आले : पाण्याशी वारंवार संपर्क आल्यामुळे झालेली हानी हमीत बसत नाही. मी पुन्हा लिहिले की वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, भर पावसाळ्याच्या तोंडावर, उघड्यावर धावण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूला पाणी लागणे हा गैरवापर कसा ठरतो, हे मला समजावून सांगावे. आणि तसा नियम असेल तर तो विक्रीच्या वेळी ग्राहकाला सांगितला जावा. त्यावर पुढील खरेदीत सवलत देऊ, असे उत्तर मिळाले. ती सवलत फक्त छापील किमतीवर होती आणि एरवीही तेवढी सूट त्या दुकानात मिळतेच, म्हणून मी ती घेतली नाही.

शेवटी फोंड्याच्या बाजारातील मोच्याने काम केले. त्याने जुना गोंद खरवडून काढला, दोन्ही पृष्ठभाग घासले, बूट एक दिवस ठेवून घेऊन पूर्ण कोरडा केला, मग दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते सुकू दिले आणि त्यानंतरच पट्टी दाबून बसवली. ती अजून टिकून आहे. बूट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय हात लावणार नाही, हा त्याचा आग्रह मला कंपनीच्या सर्व पत्रव्यवहारापेक्षा जास्त शिकवून गेला. बुटांच्या जोडणीत वापरले जाणारे अनेक गोंद पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या कुळातील असतात आणि उष्णता व ओल सतत मिळाली, तर त्यांच्या रेणूंची साखळी रासायनिकदृष्ट्या तुटत जाते. पॉलियुरेथेनचे सोल असलेले जुने बूट न वापरताही कपाटात भुगा होऊन पडतात, ते याच क्रियेमुळे. ईव्हीए फोमचे तसे होत नाही. पण फोम शाबूत असूनही खालचे रबर सुटू शकते आणि माझ्या बाबतीत तेच झाले.

आता या जोड्याच्या ज्या एका गोष्टीने मला पावसाळाभर त्रास दिला तिच्याकडे येतो. ती म्हणजे टाचेभोवतीची आणि जिभेची जाड गादी. दुकानात पाय घालताच हीच गादी सुखावते. परंतु मिडसोलचा, म्हणजे तळाच्या मधल्या जाड थराचा, फोम हवेच्या बारीक बंद पेशींचा असल्यामुळे तो पाणी फारसे शोषत नाही. पाणी साठते ते इनसोलमध्ये, म्हणजे आतल्या सुट्या गादीत, त्याखालच्या कापडात आणि सर्वांत जास्त टाचेच्या व जिभेच्या या गादीत. वरची जाळी संध्याकाळपर्यंत कोरडी वाटते, इनसोल काढून पंख्याखाली ठेवले तर तेही रात्रीत सुकते; पण टाचेच्या गादीला अंगठ्याने दाबले, की दुसऱ्या दिवशीही ओल बोटाला लागते. जुलैमध्ये हवेतच इतकी आर्द्रता असते, की दोरीवरचे कपडे सुकत नाहीत. तिथे दोन कापडांच्या मध्ये शिवून बंद केलेला जाड स्पंज सुकेल कसा? ओल्या गादीने टाचेची कातडी सोलली जाते, मोजा भिजतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सततच्या ओलीत राहिलेल्या गोंदाची गोष्ट वर आलीच आहे. पातळ गादीचा, साध्या जिभेचा जोडा या प्रदेशासाठी कितीतरी योग्य ठरला असता, परंतु मधल्या किमतीच्या वर्गात जाडपणालाच आराम समजून विक्री चालते आणि दुकानात कोरड्या पायाने दोन मिनिटे चालून पाहणाऱ्या ग्राहकाला त्यातील उणीव कळण्याचा मार्ग नसतो.

येथेच दोन जोडे आलटून-पालटून वापरण्याविषयीचे माझे मत बदलले. उन्हाळ्यापर्यंत मी हा सल्ला विक्रेत्यांच्या सोयीचा मानत होतो, कारण त्यासाठी नेहमी दिले जाणारे कारण असे असते, की फोमला दोन धावांच्या मध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती लागते. हे कारण मला आजही फारसे वजनदार वाटत नाही. ईव्हीए फोमच्या पेशींच्या भिंती वारंवारच्या दाबाने एकदा मोडल्या, की त्या विश्रांतीने पुन्हा उभ्या राहत नाहीत. मात्र गोव्यात दुसरा जोडा हवा तो फोमसाठी नाही, सुकण्यासाठी. पट्टी दुरुस्तीला असताना मी दुसरा, पातळ गादीचा आणि थोड्या कमी उंचीचा जोडा घेतला आणि ऑगस्टपासून दोन्ही पाळीपाळीने वापरले. प्रत्येक जोड्याला निदान दोन रात्री मिळू लागल्यावर टाचेचे सोलणे थांबले आणि चिखल्याही गेल्या.

दुखापतींच्या दृष्टीनेही या पद्धतीला आधार आहे. लक्झेंबर्गमधील संशोधकांनी 264 हौशी धावपटूंवर 22 आठवडे नजर ठेवून केलेला अभ्यास 2015 साली छापून आला. त्यात एकाहून अधिक जोडे वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. तो निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता, त्यामुळे केवळ दुसरा जोडा घेतला म्हणून कोणाचा गुडघा वाचेल, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरी त्यामागे सुचवलेले कारण पटण्याजोगे आहे : वेगवेगळ्या उंचीच्या व कडकपणाच्या बुटांत पायावरचा भार थोडा वेगळा वाटला जातो आणि एकाच स्नायूवर किंवा हाडावर रोज तसाच ताण येत नाही. म्हणूनच दुसरा जोडा पहिल्यासारखाच घेण्यापेक्षा थोडा निराळा घ्यावा, असे मी सांगेन.

खर्चाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण सहा हजारांचा जोडा ही आपल्याकडे लहान रक्कम नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या किमतीला 18 टक्के, त्यामुळे धावण्याचा बरा जोडा घेणाऱ्याला करातून सुटका नाही. पण हिशेब नीट मांडला, तर दोन जोड्यांनी खर्च दुप्पट होत नाही. 6000 रुपयांचा जोडा 600 किलोमीटर चालला, तर किलोमीटरला 10 रुपये पडतात; दोन जोडे मिळून 1200 किलोमीटर चालले, तरी दर तोच राहतो, फक्त पैसे आधी घालावे लागतात. उलट आमच्याकडे एकच जोडा पावसाळाभर रोज ओला वापरला आणि तो 400 किलोमीटरलाच सुटला, तर दर 15 रुपयांवर जातो. मात्र याच न्यायाने सवलतीच्या काळात तीन-चार जोडे घेऊन डब्यांत भरून ठेवणे तोट्याचे आहे, कारण दमट हवेत गोंद डब्यातही जुना होतो.

महाग जोडा जास्त टिकतो, या समजुतीविषयीही लिहायला हवे. अमेरिकेत 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत यंत्रावर चालवलेल्या बुटांची धक्का शोषण्याची क्षमता 50 मैलांनंतर, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरनंतर, मूळच्या साधारण 75 टक्क्यांवर आली होती आणि 250 ते 500 मैलांच्या दरम्यान ती 60 टक्क्यांच्याही खाली गेली होती. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत घट कमी होती. 500 मैलांनंतर सुमारे 70 टक्के क्षमता उरली होती. मला त्यातील महत्त्वाचा भाग हा वाटतो, की किंमत किंवा कंपनी यांमुळे फरक पडलेला दिसला नाही. फोम तेव्हापासून खूप बदलले आहेत, तरीही घट सुरुवातीलाच वेगाने होते आणि पुढे मंदावते, ही गोष्ट ध्यानात घेतली, तर अमुक किलोमीटरला बूट एकाएकी संपतो, ही कल्पना सोडून द्यावी लागते. वजन, चाल, पृष्ठभाग यांनुसार आकडा बदलतो. पाऊल साधारण एक मीटरचे धरले, तर एका किलोमीटरला प्रत्येक बूट पाचशे वेळा जमिनीवर आदळतो आणि प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार झेलतो. 80 किलोंच्या माणसाचा जोडा 55 किलोंच्या माणसाच्या जोड्याइतका टिकावा, अशी अपेक्षा कशी धरायची?

त्यामुळे मी आकड्यापेक्षा बुटाकडे पाहतो. जोडा टेबलावर ठेवून मागून पाहिले असता टाच एका बाजूला कललेली दिसली, खालचे रबर झिजून फोम उघडा पडला, मिडसोलच्या कडेवरच्या सुरकुत्या पाय काढल्यावरही तशाच राहिल्या किंवा टाचेच्या आतले अस्तर फाटून कडक कप टोचू लागला, की तो धावण्यासाठी संपला. सरावात काहीही बदललेले नसताना नडगी किंवा गुडघा कुरकुरू लागला, तरीही आधी जोड्यावर संशय घ्यावा. दोन्ही जोडे एकाच दिवशी सुरू न करता दोनशेएक किलोमीटरच्या अंतराने सुरू केले, तर आणखी एक लाभ होतो. काल नव्या जोड्यात धावलेल्या पायाला आज जुन्यातील मेलेला फोम लगेच जाणवतो. एकच जोडा असला, की ऱ्हास इतका हळूहळू होतो, की पायाला त्याची सवय होऊन जाते. कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे जोडे सहसा याहून लवकर थकतात, ते रोजच्या पाळीत आणू नयेत.

सुकवण्याची माझी पद्धत साधी आहे. घरी येताच नाड्या सैल करून जीभ पूर्ण बाहेर ओढतो, इनसोल वेगळे काढतो, जांभ्याची माती साध्या पाण्याने धुऊन काढतो, कारण जाळीत अडकलेले तिचे बारीक कण कापड घासत राहतात. समुद्राच्या पाण्यानंतर तर हे धुणे टाळू नयेच. मग आत वर्तमानपत्राचे बोळे भरतो आणि तासाभराने ते बदलतो. हा बदल बहुतेक जण करत नाहीत आणि ओला कागद रात्रभर आत राहिला, तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. त्यानंतर बूट आडवे करून टाचेची गादी पंख्याच्या वाऱ्यासमोर येईल असे ठेवतो. चुलीजवळ, हेअर ड्रायरखाली किंवा मिरामारला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत बूट सुकवू नयेत. तेवढ्या उष्णतेने गोंद मऊ होतो आणि फोम आकसतो.

ज्यांचे धावणे मुख्यतः ट्रेडमिलवर आहे किंवा जे पावसाळ्यात बाहेर धावत नाहीत, त्यांनी अशा जाड गादीचा जोडा निःशंकपणे घ्यावा. पावसात धावणाऱ्यांनी घेतला, तर तो एकुलता ठेवू नये. खरेदीची वेळही विचारात घ्यावी : मेअखेरीस नवा जोडा घेतला, की त्याचे पहिले चार महिने ओलीतच जातात. मी यापुढे नवा जोडा गणेश चवथीनंतर, पाऊस ओसरल्यावर घेणार आहे, म्हणजे आठ कोरडे महिने त्याला मिळतील आणि जूनमध्ये तो अर्धा वापरलेला, पण तळाची नक्षी शाबूत असलेला असेल. पूर्ण झिजलेला जोडा पावसासाठी राखून ठेवण्याची पद्धत अनेकांची आहे, ती मात्र धोक्याची आहे. शेवाळलेल्या फरसबंदीवर गुळगुळीत रबर हमखास घसरते. तसा जोडा कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, कामाला लावावा.