नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि माझी इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार: एक पावसाळा आणि एक नाताळ उलटल्यावर

गिटारच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. सर्व्हिस सेंटरशी माझी मेलामेली अजून संपलेली नाही, आणि ती माझ्या बाजूने संपावी अशी इच्छा आहे. किंमत साडेअठरा हजार. वरची पाटी सॉलिड स्प्रूसची, मागची आणि बाजूची लॅमिनेट, ऑडिटोरियम आकार, कटअवे, सॅडलखाली (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) पीझो, म्हणजे तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा पिकअप, वरच्या कडेवर तो सिग्नल बळकट करणारा तीन बँडचा प्रीअँप आणि त्यातच ट्यूनर. या किमतीत अशा गिटारी ढिगाने मिळतात, त्यामुळे स्पेसिफिकेशनचं पारायण करत नाही. मला बॅटरीबद्दल बोलायचंय. लाकडाबद्दलही बोलेन, पण मुख्य दुखणं बॅटरीचं.

मी वसईची. रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कॉयरमध्ये वाजवते. आधीची गिटार कलकत्त्याची गिवसन, वडिलांनी दहावीनंतर घेऊन दिलेली. तिला पिकअप नाही, त्यामुळे समोर माइक लावायचा आणि तासभर पुतळ्यासारखं बसायचं. जरा मागे रेललं की आवाज गुल. शेवटी कॉयरमधले अंकल म्हणाले, "बाय, आता प्लगवाली घे, आम्हाला सूर कळू दे."

मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये वाजवून पाहिल्या. यामाहाची एपीएक्स ६०० मांडीवर इतकी छान बसते की उठवत नाही, पण तिची बॉडी बारीक, त्यामुळे प्लगशिवाय आवाज लहान. मे महिन्यात आमच्याकडे वाडीतल्या क्रुसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते, तिथे कसला प्लग आणि कसला मिक्सर? फेंडरची सीडी-६० एससीई उलट्या टोकाची. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या बॉडीची, भरदार, सॉलिड टॉप, पण तासभर वाजवलं की माझा उजवा खांदा बोलायला लागतो. म्हणून मधला आकार हवा होता. तो दुसऱ्या एका कंपनीचा मिळाला आणि ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळाला. दोन हजार म्हणजे दोन हजार.

सॉलिड टॉप आहे की नुसता कागदावर, हे पाहायची सोपी खूण सांगते. साउंडहोलच्या कडेकडे नीट बघा. वरच्या पाटीवरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. माझ्या गिटारीने ही परीक्षा पास केली.

आता पावसाळा. गिटारीला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते असं बहुतेक गिटार बनवणारे सांगतात. जुलैत वसईत ती ऐंशीच्या खाली यायला तयार नसते आणि आमचं घर खाडीपासून फार लांब नाही. ऑगस्टमध्ये बाराव्या फ्रेटपाशी तारा इतक्या उचलल्या की एफचा बार धरताना अंगठा दुखायला लागला. दुकानातला मुलगा म्हणाला, सॅडल घासून देतो, पाचशे रुपये. दिलं नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, सहावी तार बॉडी सुरू होते तिथे दाबली आणि मधल्या फटीकडे पाहिलं. फट केसभरच होती. म्हणजे नेक सरळ होती, ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक जुळवणाऱ्या दांड्याला) हात लावायचं कारण नव्हतं. पाणी पिऊन फुगली होती ती वरची पाटी, आणि तिने ब्रिजला वर उचललं होतं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, गिटार भिंतीवर टांगणं बंद केलं आणि वाट पाहिली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशी ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, आपोआप खाली आली. सॅडल ऑगस्टमध्ये घासली असती तर जानेवारीत तारा फ्रेटवर खरखरल्या असत्या आणि नवीन सॅडलचे पैसे वेगळे. सॉलिड टॉप घेणाऱ्या कोकणपट्टीतल्या सगळ्यांना माझं हेच सांगणं: पावसात काही घासू नका, कापू नका.

कंपनीच्या तारा मात्र गणपतीपर्यंतच तांबूस पडल्या. नंतर बारा-त्रेपन्न गेजच्या कोटेड एलिक्सर लावल्या. साध्या फॉस्फर ब्राँझच्या कितीतरी पट महाग, पण नाताळपर्यंत एकाही तारेला गंज नाही. खारी हवा असेल तिथे हा खर्च वसूल होतो.

इथपर्यंतचं मी नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली बॅटरीबद्दल दोन वाक्यं होती. एक असं की बॅटरी जरा लवकर संपते, बहुतेक साध्या झिंक-कार्बनमुळे. आणि दुसरं, तक्रार राहिली बाजूला, चक्क कौतुक: "केबल न लावताही ट्यूनर चालतो, फार सोयीचं." ही दोन वाक्यं शेजारीशेजारी होती. पुढचं सगळं त्यांच्यावरच.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ही मुळात चिडवणारी वस्तू. साधी तीस-चाळीस रुपयांना मिळते आणि तेवढंच टिकते. अल्कलाइन हवी तर तीनशेच्या आसपास मोजा, तीही वसईत प्रत्येक दुकानात नाही. पेन्सिल सेल पानाच्या टपरीवरही मिळतो. काही प्रीअँप दोन पेन्सिल सेलवर चालतात. ती अक्कल सगळ्यांना का सुचत नाही, देव जाणे. बॅटरी लागते हे मान्य आहे. पीझोचा सिग्नल फार उच्च इम्पीडन्सचा असतो, मध्ये प्रीअँप नसेल तर लांब केबलमध्येच तो अर्धमेला होतो. पण किती लागावी?

माहितीपत्रकात लिहिलंय, अल्कलाइनवर दीडशे ते दोनशे तास. मी आठवड्याला तीन-चार तास प्लग लावून वाजवते. म्हणजे एक बॅटरी जवळजवळ वर्षभर जायला हवी. माझी दोन रविवारसुद्धा काढत नव्हती. घरी सगळ्यांचं मत एकच, "तू केबल काढायला विसरतेस." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अशा गिटारीला वेगळं बटण नसतं, केबलची पिन आत गेली की प्रीअँप सुरू आणि काढली की बंद. त्यामुळे पिन आत राहिली तर बॅटरी उतरत राहते, हे खरं. पण मी केबल गुंडाळून पिशवीत टाकल्याशिवाय चर्चच्या बाहेर पडत नाही. ती केबल बाराशेची आहे.

मग मी मिस्सा झाली की बॅटरीच काढून ठेवायला लागले. उपाय लागू पडला, बॅटरी टिकायला लागली. पण बॅटरीच्या खणाचं दार प्लॅस्टिकचं, त्याला नखाएवढी खिटी. डिसेंबरच्या मध्यावर ती मोडली. दार चिकटपट्टीने बंद केलं आणि आत नवी कोरी अल्कलाइन बसवली. नाताळचा सराव रोजचाच, म्हणून ती आतच राहू दिली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ग्लोरिया या स्तुतिगीताच्या मधोमध आवाज आधी फाटला, मग किरकिरला आणि मग गेलाच. सगळं चर्च उभं, घंटा वाजताहेत आणि माझी गिटार मुकी. कीबोर्डवाल्या पोराने सांभाळून घेतलं. तीनशेची बॅटरी, दहा दिवससुद्धा झाले नव्हते.

सर्व्हिस सेंटरला लिहिलं. उत्तर आलं, डिअर व्हॅल्यूड कस्टमर, बॅटरी कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. मी लिहिलं, बॅटरी नको, बॅटरी खाणारं काय आहे ते शोधा. उत्तर आलं, डिअर व्हॅल्यूड कस्टमर, खणाचं दार मोडलेलं दिसतं, हे फिजिकल डॅमेज. नुसतं दार मिळत नाही, पूर्ण प्रीअँप बदलावा लागेल, अडतीसशे रुपये, आणि गिटार मूळ खोक्यात घालून अंधेरीला आणा. मूळ खोकं! ते पावसात रद्दीवाल्याने नेलं. साडेअठरा हजारांच्या गिटारीच्या बोटभर दारासाठी अडतीसशे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नालासोपाऱ्याला एक काका अँप्लिफायर दुरुस्त करतात. मंडपवाल्यांची सगळी कामं त्यांच्याकडे असतात. त्यांनी गिटार कधी उघडली नव्हती, पण घाबरलेही नाहीत. बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडवून मध्ये मल्टीमीटर लावला. केबल लावलेली नव्हती. काट्याने शून्यावर बसायला हवं होतं, तो अडीच मिलिअँपिअरच्या जवळ जाऊन थांबला. "ताई, केबल नाही लावली तरी ही चालूच आहे."

हिशेब तिथेच झाला. नऊ व्होल्टच्या अल्कलाइनमध्ये साधारण पाचशे मिलिअँपिअर-तास असतात. अडीचने भागा, दोनशे तास. माहितीपत्रक खोटं नव्हतं. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि वर थोडे तास, फक्त ते माझी गिटार कपाटात बसून मोजत होती.

कारण जॅकमध्ये होतं. गिटारीचा जॅक दिसतो साधा, पण आतून स्टीरिओ असतो. टोकाच्या पत्तीवर आवाज, बाहेरच्या नळीवर अर्थ आणि मधल्या पत्तीवर बॅटरीची वजा वायर. आपली केबल मोनो असते, तिची पिन आत गेली की मधली पत्ती आणि अर्थ एकमेकांना जोडले जातात आणि सर्किट पुरं होतं. केबल म्हणजेच स्विच. माझ्या जॅकला कारखान्यात डाग देताना सोल्डरचा एक जास्तीचा थेंब पडला होता आणि तो मधली पत्ती आणि अर्थ यांच्या मध्ये जाऊन बसला होता. म्हणजे खोक्यातून बाहेर आल्या दिवसापासून ही गिटार कधी बंद झालीच नव्हती. काकांनी थेंब ओढून घेतला, काटा शून्यावर आला, दीडशे रुपये. दाराला त्यांनी एक चपटी पत्ती बसवून दिली, ती कंपनीच्या खिटीपेक्षा जास्त घट्ट आहे. जाता जाता जॅकचा सैल झालेला नटही आवळला. तो सैल राहिला तर केबल लावताना अख्खा जॅक फिरतो आणि आतल्या वायरी तुटतात. आवळताना आतला जॅक धरून ठेवावा लागतो. तुमच्या गिटारीचा आजच तपासा.

हे सगळं फोटोंसकट सर्व्हिस सेंटरला पाठवलं. कारखान्याचा दोष आहे, दीडशे रुपये आणि वाया गेलेल्या बॅटऱ्यांचे पैसे द्या, एवढीच मागणी. उत्तर आलं, गिटार बाहेरच्या माणसाने उघडल्यामुळे वॉरंटी रद्द. आता ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. रक्कम किरकोळ आहे हे घरच्यांनी सांगून झालंय, तुम्ही सांगू नका.

आवाजाबद्दलचं मत मात्र बदलावं लागतंय. नोव्हेंबरच्या टिपणात मी प्रीअँपला स्वस्तातला, कर्कश, जोरात स्ट्रमिंग केलं की फाटणारा असं लिहिलं होतं. त्यातलं फाटणं बरंचसं अर्ध्या उतरलेल्या बॅटरीचं होतं. व्होल्टेज पडलं की प्रीअँपला मोठा सिग्नल झेपत नाही. पुरे नऊ व्होल्ट मिळायला लागल्यापासून स्ट्रमिंग स्वच्छ येतं. पीझोची ती प्लॅस्टिकसारखी टकटक आहेच, ती या किमतीत कोणाचीच जात नाही. मिड बराच खाली आणि ट्रेबल मध्यापेक्षा थोडा कमी ठेवला की सुसह्य होते. आमच्या चर्चचं छत उंच, घुमतं फार, त्यामुळे बासही कमीच ठेवते, नाहीतर सहावी तार वाजली की स्पीकर घूं करतात. साउंडहोलला रबरी झाकण बसवलं की ते बहुतेक थांबतं. रोझरीला ते काढून ठेवायचं. प्लगशिवायचा आवाज घेतली तेव्हापेक्षा मोकळा झालाय असं मला वाटतं, कॉयरमधल्या अंकलनाही वाटतं. तारा बदलल्या म्हणूनही असेल.

सध्या प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा लेंट) चालू आहे. या दिवसांत वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असतात, मधले तुकडे नाहीत, त्यामुळे काम हलकं आहे. जानेवारीत बसवलेली अल्कलाइन अजून आत आहे. घ्यावी का, असं विचाराल तर हो, घ्या. पण परतीची मुदत संपायच्या आत, केबल न लावता, काकांसारखी बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडवून मध्ये मल्टीमीटर लावून बघा. मीटर साधारण बॅटरीच्याच किमतीत मिळतो.

एक नुकसान मात्र झालं. सोल्डरचा थेंब गेला तसा केबलशिवाय चालणारा ट्यूनरही गेला. आता मिस्सेआधी सूर लावायला केबल जोडा, मिक्सरवाल्याला ओरडून म्यूट करायला सांगा, मग लावा. रोझरीला तर तेही नाही. म्हणून साडेतीनशेचा क्लिपवाला ट्यूनर घेतला. ट्यूनर चांगला आहे, पटकन सूर दाखवतो. त्यात सीआर २०३२ नावाचा बटन सेल लागतो आणि तो वसईत दोनच दुकानांत मिळतो.