झॉम्बीज की प्रिटी थिंग्ज?
भाचा विचारतोय, "मामा, बीटल्स झालं, फ्लॉइड झालं, आता जुन्या सायकेडेलिक रॉकमधलं काय ऐकू, 'ओडेसी अँड ओरॅकल' की 'एस. एफ. सॉरो'?" सायकेडेलिक म्हणजे भास झाल्यासारखं, गुंगवणारं रॉक. पहिला अल्बम झॉम्बीज बँडचा, दुसरा प्रिटी थिंग्जचा; दोन्ही 1968चे, बहुतेक रेकॉर्डिंग अ‍ॅबी रोड स्टुडिओत, आणि दोन्ही तेव्हा आपटलेले.

झॉम्बीजचा 'ओडेसी' लगेच कानात बसतो, पस्तीसेक मिनिटांत खेळ खलास, मेलोट्रॉन (टेपवरचे वाद्यांचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि गळ्यांची हार्मनी अशी की भांडी घासतानाही चालतो (कव्हरवरचं स्पेलिंग चुकलंय ते चुकलंच). बँड रेकॉर्ड यायच्या आधीच फुटला आणि 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत गाजलं 1969मध्ये, काय उपयोग!

सॉरोला मात्र बसावं लागतं बाबा. एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट, तीही द हू बँडच्या 'टॉमी' या गाजलेल्या रॉक ऑपेराच्या आधीची, गाणी मागेपुढे केलीस की डोक्यावरून गेलीच. गिटार खरखरीत, पण दुसऱ्यांदा ऐकताना नवं काही सापडतं ते यातच जास्त.

नुसत्या चाली हव्यात तर झॉम्बीज, रात्री दिवे बंद करून हेडफोन लावणार असशील तर सॉरो.